एकच बीऽऽप, दोन बिघाड: शाळेतल्या बीबीसी मायक्रोची दुरुस्ती

दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा सरांनी घरी बोलावून घेतलं. पडवीतल्या बाकावर जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. चादरीच्या कडेतून काळ्या कळफलकावरच्या लाल-केशरी फंक्शन-की दिसल्या आणि मी ओळखलं. शाळेचा बीबीसी मायक्रो. आठवीत असताना मी पहिला प्रोग्रॅम याच यंत्रावर लिहिला होता.

"अडगळीची खोली रिकामी करतायत. भंगारात चालला होता, म्हणून उचलून आणला," सर म्हणाले. "पण चालू होत नाही रे. मागच्या वर्षी लावून बघितला तर धूर आला. एकाला दाखवला, तो म्हणाला मदरबोर्ड गेलाय, नाद सोडा."

"धूर आला तेव्हा आवाज येत होता का?"

"येत होता की. थांबतच नव्हता. बीऽऽऽ असा एकसारखा. घाबरून मीच खटका बंद केला."

या उत्तरामुळे मी यंत्र पुण्याला आणलं. धूर येत असतानाही आवाज चालू होता, म्हणजे वीज बोर्डापर्यंत पोचत होती. धुराचा आणि यंत्र चालू न होण्याचा संबंध असेलच असं नव्हतं.

हे यंत्र कोकणातल्या शाळेत कसं आलं ते थोडक्यात सांगतो. १९८४ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं आणि शिक्षण मंत्रालयानं 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या सुमारे २५० शाळांना संगणक दिले. ते होते इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आलेलं हे यंत्र. आत २ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर, ३२ केबी रॅम, आणि चालू केल्याबरोबर समोर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा. आमच्या सरांनी सुट्टीत जाऊन प्रशिक्षण घेतलं होतं. परत आल्यावर वर्षभर त्यांनी संगणकाच्या खोलीत चपला घालून कोणाला येऊ दिलं नव्हतं.

झाकण उघडण्यापूर्वी

बंद पडलेलं जुनं यंत्र हातात आलं की पहिला मोह होतो तो लावून बघण्याचा. तो आवरायचा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या यंत्राचं सगळ्यात जास्त नुकसान त्या पहिल्या मिनिटात होतं. या यंत्राच्या, म्हणजे बी मॉडेलच्या, झाकणाला चार स्क्रू असतात, दोन मागे, दोन खाली, आणि त्यांच्याशेजारी 'फिक्स' असं कोरलेलं असतं. ते काढले आणि आतला वास घेतला. जळक्या कागदाचा वास अजून होता.

तो पॉवर सप्लायच्या पत्र्याच्या डब्यातून येत होता. डबा उघडला तर अपेक्षित तेच दिसलं. मेन्सच्या दोन तारांच्या मध्ये बसवलेला, मधाच्या रंगाच्या पारदर्शक आवरणाचा फिल्टर कपॅसिटर उभा फाटला होता आणि शेजारच्या पत्र्यावर तपकिरी चिकट थर बसला होता. हे रिफा कंपनीचे, धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे कपॅसिटर. वर्षं सरली की वरच्या आवरणाला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून हवेतली ओल आत जाते आणि कागद ती पितो. मग कधीतरी २३० व्होल्ट लागले की आतून गळती सुरू होते, कपॅसिटर तापतो आणि फुटतो. चार महिने भिंतींना घाम फुटतो अशा गावात हा कपॅसिटर इतकी वर्षं टिकला याचंच मला नवल वाटलं.

पण या कपॅसिटरचं काम फक्त तारांमधला गोंगाट अडवण्याचं. तो फुटला तरी सप्लाय चालू शकतो. धूर बघून ज्यांनी मदरबोर्ड गेल्याचं निदान केलं, त्यांची चूक इथे झाली. जे डोळ्यांना दिसलं, तेच कारण धरलं.

बुधवार पेठेतून एक्स-२ वर्गाचे, २७५ व्होल्ट एसीचे पॉलिप्रॉपिलिन कपॅसिटर आणले, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि एक ०.०१ चा. इथे साधा कपॅसिटर चालत नाही. मेन्सच्या दोन तारांमध्ये बसणारा कपॅसिटर एक्स वर्गाचाच लागतो. दुसरा रिफा अजून फुटला नव्हता, पण त्यालाही भेगा होत्या, म्हणून तोही काढला. सप्लायमधला २२० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही त्याच बैठकीत बदलला. या सप्लायमध्ये तो सुकतो आणि मग सप्लाय सुरूच होत नाही, हे नेहमीचं दुखणं आहे.

ज्यांनी अशा सप्लायचं काम केलेलं नाही त्यांना एक कळकळीनं सांगतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात. मीटर लावून ते उतरल्याची खात्री होईपर्यंत हात आत घालू नका.

सप्लाय बोर्डाला न जोडता आधी एकटाच तपासला. मेन्सच्या वाटेत ६० वॅटचा सिरीज बल्ब आणि ५ व्होल्टच्या बाजूला गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. ५ व्होल्टवर तो साधारण एक अँपिअर ओढतो, तेवढा भार चाचणीला पुरतो. सिरीज बल्ब एकदा लुकलुकला आणि मंद झाला; सप्लायमध्ये शॉर्ट असता तर तो लखलखत राहिला असता. ब्रेकलाइटचा बल्ब पिवळसर पेटला. मीटरवर ५.०४ व्होल्ट, आणि जांभळ्या तारेवर उणे ५. अर्धा तास तसाच ठेवला, आकडा हलला नाही.

आवाज काय सांगतो

सप्लाय बोर्डाला जोडला, मागच्या बीएनसी सॉकेटातून टीव्हीला तार नेली आणि खटका दाबला. बीऽऽऽऽ. पडद्यावर आडव्या, थरथरणाऱ्या पट्ट्या. कळफलकावर कॅप्स लॉक आणि शिफ्ट लॉक दोन्ही दिवे लागलेले. सरांनी सांगितलं होतं तसंच सगळं, फक्त धूर नव्हता.

बीबीसी मायक्रो ज्यांनी वापरला त्यांच्या कानात तो आवाज बसलेला असतो: आधी खालच्या पट्टीतलं 'बूऽप' आणि लगेच वरच्या पट्टीतलं छोटं 'बीप'. यातला पहिला आवाज कोणी मुद्दाम काढत नाही. वीज मिळाली की आतली एसएन ७६४८९ ही ध्वनीची चिप आपली आपणच वाजू लागते. मग प्रोसेसर जागा होतो, रॉममधली, म्हणजे कायमचा मजकूर साठवणाऱ्या चिपमधली, ऑपरेटिंग सिस्टीम चालवू लागतो, ध्वनीच्या चिपला गप्प करतो आणि सगळं ठीक असल्याची खूण म्हणून दुसरी बीप देतो. पहिला आवाज थांबलाच नाही, तर 'गप्प हो' हा हुकूम ध्वनीच्या चिपपर्यंत पोचलेला नाही, एवढंच सिद्ध होतं. हुकूम निघालाच नसेल, किंवा निघूनही वाटेत अडला असेल. पुढची सगळी दुरुस्ती या फरकावर उभी आहे.

५ व्होल्टच्या तीन लाल तारांच्या जोडांवर, शिवाय प्रोसेसरच्या आणि रॉमच्या पायांवर व्होल्टेज मोजलं, सगळीकडे ४.९ च्या वर. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल चालू होता, प्रोसेसरला २ मेगाहर्ट्झचं घड्याळ मिळत होतं. रीसेटची पिन, म्हणजे ६५०२ ची ४० वी, वीज येताच क्षणभर खाली राहून वर जात होती. ब्रेक दाबला की पुन्हा खाली. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग स्कोपची, म्हणजे विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई ७ व्या पिनवर ठेवली. तिला 'सिंक' म्हणतात. प्रोसेसर प्रत्येक नवी आज्ञा उचलताना ही पिन वर करतो, त्यामुळे ती बघणं म्हणजे नाडी बघणंच. रीसेट सुटल्यावर काही ठोके पडले आणि नाडी थांबली. पुन्हा ब्रेक दाबला. या वेळी ठोके जास्त वेळ चालले, आणि मग थांबले. तिसऱ्यांदा लगेच थांबले.

६५०२ च्या जुन्या जातीत बारा आज्ञाकोड असे आहेत की त्यातला एखादा वाचला तर प्रोसेसर जागीच गोठतो, रीसेटशिवाय हलत नाही. रॉममध्ये अर्थातच ते नसतात. प्रोसेसर तिथे पोचतोय म्हणजे त्याच्या हातात चुकीचा मजकूर पडतोय. आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबतोय म्हणजे चूक पक्की नाही, काहीतरी अधांतरी आहे.

डेटाच्या आठ तारांना लॉजिक अॅनालायझरच्या आठ चिमट्या लावल्या; हे उपकरण अनेक तारांवरचे शून्य-एक एकाच वेळी टिपतं. रीसेटनंतर ६५०२ मेमरीच्या अगदी शेवटी जाऊन दोन बाइट वाचतो, सुरुवात कुठून करायची तो पत्ता. बीबीसीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १.२ आवृत्तीत तो पत्ता, सोळाच्या अंकपद्धतीत, डी९सीडी. मागचा अर्धा भाग आधी वाचला जातो, म्हणून आधी 'सीडी' यायला हवं, मग 'डी९'. माझ्या पडद्यावर आलं 'सी९' आणि 'डी९'. 'सीडी'चं 'सी९' झालं, म्हणजे फक्त एक बिट पडला होता, क्रमांक २ चा. पुन्हा रीसेट केलं तर 'सीडी' बरोबर आलं, पुढची आज्ञा मात्र बिघडली. बिट तोच.

आयसी ५१

ऑपरेटिंग सिस्टीमची रॉम आयसी ५१ च्या, म्हणजे बोर्डावरच्या ५१ क्रमांकाच्या चिपेच्या, सॉकेटात बसते. दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचलत ती काढली. घाई केली तर काळवंडलेले पाय खांद्यापाशी मोडतात. पाय खरोखरच काळे पडले होते. काचतंतूच्या पेन्सिलीनं एकेक पाय घासला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला आणि रॉम प्रोग्रॅमर नावाच्या, चिपा वाचणाऱ्या उपकरणात घालून वाचली. १६,३८४ बाइट, मूळ प्रतीशी ताडून पाहिले, एकही फरक नाही.

काम झालं होतं, तरी मी प्रोग्रॅमरची खिडकी बंद केली नाही. या रॉममध्ये ७६८ बाइटची एक जागा आहे जी यंत्र चालू असताना प्रोसेसरला दिसूच शकत नाही. मेमरीचा तो पट्टा बाहेरच्या उपकरणांसाठी राखलेला आहे, आणि त्याच्या तीन पानांना एकॉर्नच्या लोकांनी फ्रेड, जिम आणि शीला अशी नावं दिली होती. खालची जागा रिकामी राहत होती, म्हणून त्यांनी तिथे आभार लिहून ठेवले. एकॉर्नचे संस्थापक क्रिस करी आणि हर्मन हाउझर, स्टीव्ह फर्बर, ६५०२ बनवणारे, आणि यादीच्या सुरुवातीलाच एक राम बॅनर्जी. यांतल्या फर्बरनी आणि बीबीसी बेसिक लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांनी पुढे एआरएम प्रोसेसर घडवला, ज्याचे वंशज आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. आमच्या शाळेच्या खोलीत ही नावं इतकी वर्षं बंद पेटीत होती. सरांना फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून दोनदा वाचला, असं नंतर सांगितलं.

रॉम चांगली होती, मग दोष सॉकेटात. रॉम पुन्हा बसवली आणि मीटरचं एक टोक तिच्या १३ व्या पायाच्या खांद्यावर, दुसरं प्रोसेसरच्या ३१ व्या पिनवर धरलं. बिट २ ची वाट हीच. मीटर गप्प. शेजारच्या १२ व्या पायाला लगेच वाजला. भिंगातून पाहिलं तर सॉकेटाच्या १३ व्या खाचेतल्या पट्टीवर हिरवट पापुद्रा होता आणि तिचा ताण गेला होता. पाय आणि पट्टी यांच्यात कागदाएवढी फट. घासून साफ करता आलं असतं, पण ताण गेलेली पट्टी काही महिन्यांत पुन्हा दगा देते. अठ्ठावीस पायांचं सॉकेट डीसोल्डर करून काढलं आणि गोल पिनांचं नवं बसवलं. दोन तास गेले. जुन्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे गरम झाले की उचलून येतात, म्हणून एक पाय सोडवला की बोर्ड गार होऊ द्यायचा आणि मग पुढचा.

लक्षण तेच

खटका दाबला. बीऽऽऽऽ.

अशा वेळी माणूस खचतो, आणि केलेलं काम फुकट गेलं असं समजून भलतीकडे वळतो. एव्हाना एका मित्रानं रॅम बदलायचा सल्ला दिलाच होता. सोळा चिपा, सोळा गुणिले सोळा पाय! मी पुन्हा ७ व्या पिनवर सुई ठेवली. नाडी चालू होती. एक मिनिट, दोन मिनिटं, अखंड. पडद्यावरच्या थरथरत्या पट्ट्या जाऊन स्थिर काळी चौकट आली होती. म्हणजे कानाला काहीच बदललं नव्हतं, पण प्रोसेसर आता ऑपरेटिंग सिस्टीम चालवत होता. मघाशी हुकूम निघतच नव्हता. आता निघत होता आणि वाटेत अडत होता.

ती वाट कुठून जाते हे माहीत असलं की शोध सोपा होतो. बीबीसीत प्रोसेसर ध्वनीच्या चिपशी थेट बोलत नाही. मध्ये आयसी ३ आहे, ६५२२ नावाची चिप, तिला सिस्टीम व्हीआयए म्हणतात. कळफलक वाचणं, कळफलकावरचे दिवे, ध्वनी आणि सेकंदाला शंभर वेळा येणारी वेळेची खूण, हे सगळं तिच्याच हातून होतं. दोन दिवे उगाच पेटलेले होते, त्याचाही उलगडा इथेच होत होता.

प्रोसेसरची ४ थी पिन म्हणजे इंटरप्टची तार. तिच्यावर ०.२ व्होल्ट, कायम. ही तार सगळ्यांच्या सामाईकीची: एक रोध तिला वर ओढून धरतो आणि ज्या चिपला प्रोसेसरचं लक्ष हवं ती तिला खाली ओढते. काम झालं की सोडते. इथे कोणीतरी धरून बसलं होतं. वीज बंद करून आयसी ३ काढली, पुन्हा चालू केलं. तार ४.८ व्होल्टवर गेली. चोर सापडला.

बी मॉडेलमध्ये ६५२२ दोन असतात. दुसरी, आयसी ६९, प्रिंटर आणि यूजर पोर्ट (आपली स्वतःची उपकरणं जोडायची जागा) सांभाळते, आणि ती नसली तरी यंत्र चालू होतं. या बोर्डावर दोन्ही सॉकेटात होत्या. आयसी ६९ काढून आयसी ३ च्या जागी बसवली, खाच डावी-उजवीकडे नीट आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि खटका दाबला.

बूऽप. बीप.

पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', एक ओळ सोडून 'बेसिक', आणि खाली ते > चिन्ह. कॅप्स लॉकचा एकच दिवा. मी बराच वेळ काही टाइप केलं नाही.

राहिलेलं काम

यंत्र चार तास चालू ठेवलं. सप्लाय ५.०२ वर स्थिर. व्हिडिओची चिप बरीच तापते, पण ती या यंत्रात तशीच तापते. बाकीच्या रॉमची सॉकेटं भिंगातून पाहिली. ओल एका ठिकाणी पोचली असेल तर शेजारीही गेलेली असते. एका सॉकेटात हिरवट सुरुवात होती, ते साफ केलं. कळफलकावरच्या चार-पाच कळा अडखळत होत्या, त्या शंभरेक वेळा दाबून मोकळ्या झाल्या. बी मॉडेलमध्ये बॅटरी नसते हे मोठं नशीब. ज्या यंत्रांत असते त्यांच्यात ती गळून बोर्ड खाऊन टाकते, आणि मग सॉकेट बदलून भागत नाही.

आयसी ६९ ची जागा मात्र रिकामी होती. यूजर पोर्ट कोण वापरणार आता, असं वाटून मी ती तशीच ठेवायच्या बेतात होतो. फोनवर सरांना तसं सांगितलं, तर ते क्षणभर गप्प झाले. "अरे, माझा सिग्नल त्याच पोर्टावर चालतो ना." मला आठवलं. प्लायवूडवर काढलेला चौक, चार खांब, लाल-पिवळे-हिरवे दिवे. विज्ञान प्रदर्शनात तो तालुक्याला गेला होता.

नवी ६५२२ परदेशातून मागवली. मागवताना शेवटचं अक्षर बघा. आजही बनणाऱ्या डब्ल्यूडीसी कंपनीच्या चिपेत 'एस' अक्षराची इंटरप्टची पिन तारेला फक्त खाली ओढत नाही, वरही ढकलते. सामाईक तारेवर तिची बाकीच्या चिपांशी झटापट होते. 'एन' अक्षराची जुन्यासारखी वागते. मी 'एन' घेतली. ती यायला तीन आठवडे लागले.

डिसेंबरात यंत्र घेऊन गेलो. बदललेल्या भागांची तारीखवार यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली, फाटलेला कपॅसिटर आणि मेलेली चिप पाकिटात घालून सोबत दिली. शाळेनं आता वरच्या मजल्यावरचं कपाट मोकळं केलं आहे, तिथे भिंत गळत नाही. सरांनी माळ्यावरून सिग्नल काढून ठेवलाच होता. रिबन केबल लावली, प्रोग्रॅम त्यांनीच टाइप केला, वही न बघता. लाल लागला, हिरवा लागला, उत्तरेकडच्या खांबाचा पिवळा लागला नाही. पोर्टवर मीटर लावला, तिथे ५ व्होल्ट येत होते. प्लायवूड उलटं केलं तर दिव्याची तार झाळणातून सुटलेली होती.

"ही मी लावतो," म्हणून सरांनी माझ्या हातातला सोल्डरिंग गन घेतला.